मारोतरावाच्या ज्वारीतल्या दोन हिरव्या ओळी

आमच्या बोरगव्हाणात एके काळी अशी कुजबुज होती की मारोतराव गावंड्याच्या वावरात हंडा पुरलेला आहे. पितळेचा, तोंडाला शेण-मातीनं लिंपलेला, आत काय आहे ते ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे. कोणी मोहरा म्हणे, कोणी बंदे रुपये. आणि तो पुरला कोणी, तर मारोतरावाच्या बापानं, उकंडा गावंड्यानं. कुजबुज म्हणायची ती एक रीत म्हणून. हे सगळं बोलणं चाले शंकरसिंगच्या पिठाच्या चक्कीवर, आणि चालत्या चक्कीवर कुजबुजायचं तरी ओरडावं लागतं. त्यामुळे हे गुपित गावभर झालंय हे ठाऊक नसलेला माणूस एकच होता, खुद्द मारोतराव. त्यालाही आठवड्याभरात कळलं.

आता मारोतराव कोण, ते सांगतो. उंचीनं बेताचा, आवाजानं सव्वापट. धोतर सोडून पॅन्ट घालणारा गावातला पहिला बाप्या. शर्टाच्या खिशाला दोन पेनं, त्यातलं एकही चालत नसे. कोणतीही नवी गोष्ट गावात आली की ती आधी मारोतरावाकडे यायची आणि तिथंच तिचा निकाल लागायचा. नवं बियाणं त्यानं लावलं, उगवलं नाही. नवा फवारा त्यानं आणला, बोंडअळी राहिली आणि तुरी जळाल्या. या कारणानं आमच्या गावाला शेतकी खात्याच्या सल्ल्याची फारशी गरज पडली नाही. मारोतराव जे करील ते आपण करायचं नाही, एवढं धोरण पुरे होतं, आणि या धोरणावर दोन-तीन घरं चांगली वर आली.

कापसाला जरा बरा भाव होता त्या काळात मारोतरावानं वावरात कोठा बांधला. बाकीचं गाव कापूस घरातच ठेवायचं. पुढच्या खोलीत छतापर्यंत ढीग, त्यावर पोरं झोपायची, पाहुणा आला तर त्यालाही त्यावरच पसरायचे. मारोतरावाला हे गावंढळ वाटलं. त्यानं घाटंजीच्या सडकेला लागून असलेल्या तुकड्यात बांबू-बल्ल्या ठोकल्या, दोन्ही बाजूंना उतार दिला आणि वर कोरे करकरीत टिन टाकले. उन्हात ते टिन असे चमकायचे की एसटीतली माणसं डोळ्यांवर हात धरायची. मारोतरावाला तेच पाहिजे होतं.

त्या कोठ्यात कापूस भरून तो भाव चढायची वाट पाहत बसला. भाव उतरला. मारोतराव म्हणाला, "मी का घाईत आहो?" पुढच्या वर्षी आणखी उतरला. कापूस आतल्या आत पिवळा पडला, उंदरांच्या तीन पिढ्या त्यात सुखानं नांदल्या. आणि मग ती वर्षं आली जेव्हा सगळ्या देशाच्या पेपरात यवतमाळचं नाव पहिल्या पानावर यायला लागलं. गाड्यांवर गाड्या यायच्या. मुंबईचे, दिल्लीचे, कॅमेरेवाले, चष्मेवाले. उतरायचे, कापसाच्या शेतात उभं राहून फोटो काढायचे, पॅकेजबद्दल बोलायचे, पाण्याची बाटली बांधावर टाकून परत जायचे. त्या बाटल्या आमच्या पोरांनी जमवल्या. पॅकेजमधलं हातात आलं ते तेवढंच.

नेमक्या या दिवसांत मारोतराव कापसावर रुसला. उरलासुरला कापूस येईल त्या भावात फुंकला, कोठा पाडला, टिन पांढरकवड्याच्या एका ढाबेवाल्याला देऊन टाकले आणि चक्कीवर उभं राहून जाहीर केलं, "यापुढं जो कापूस लावंल तो गाढव."

गावात घरटी कापूस पेरलेला होता. काही दिवस त्याच्याशी कोणी बोललं नाही.

मारोतरावानं ज्वारी पेरली. कोठ्याची जागाही नांगरून त्या तुकड्यात सगळी ज्वारीच ज्वारी. बेत मोठा होता. घरची भाकर, बैलांना कडबा आणि सडकेवरून जाणाऱ्यांना मान वर करून पाहायला लावील असं पीक. ज्वारी उगवली. गुडघ्याला आली आणि तिथं जी बसली ती उठेचना. नवी पानं निघायची ती पट्ट्यापट्ट्यांची; मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांनी पांढुरके पट्टे, जसं कोणी धुताना रंग घालवलेलं लुगडं. पेरं इतकी जवळजवळ की ताट आहे की बांगड्यांची चळत ते कळू नये. कृषी केंद्राच्या दुकानदारानं सांगितलं, "डीएपी टाका." मारोतरावानं डीएपी टाकलं. ज्वारी आणखी फिकी पडली. दुकानदार म्हणाला, "कमी पडलं असंन." मारोतरावानं आणखी टाकलं. जितकं खत पडे तितकी ज्वारी मलूल होई, आणि जितकी ती मलूल होई तितका दुकानदार जोरात सल्ला देई. शेवटी मारोतरावानं बांधावर काळी बाहुली टांगली आणि एक फाटकी चप्पलही. ज्वारीला नजर लागली म्हणून. गाव म्हणालं, या ज्वारीकडे पाहिलं तर नजरेलाच काहीतरी व्हायचं.

कॅमेरेवाल्यांची एक गाडी त्याच्या वावरापाशीही थांबली होती. मारोतराव केस विंचरून पुढे झाला. त्यांनी विचारलं, कापूस आहे का? ज्वारी म्हटल्यावर ते गाडीत बसले. हे दुःख त्यानं मला स्वतः सांगितलं. "सालं या जिल्ह्यात दुःखी व्हाचं तं कापूसच लावा लागते."

तर, त्या पिवळ्या, बुटक्या, पट्टेरी ज्वारीत दोन ओळी मात्र अशा उभ्या राहिल्या की काय सांगावं. गर्द हिरव्या, माणसाच्या डोक्यावर हात-दीड हात, पानं तळव्याएवढी रुंद. दोन्ही अगदी सरळ, एकमेकींपासून सारख्या अंतरावर, लांबीलाही सारख्या. भोवती सगळं रोगट आणि मध्ये या दोन रेघा, जशा कोणी आखून दिलेल्या. सडकेवरून एसटीतल्या माणसांना दिसायच्या. पुन्हा डोळ्यांवर हात धरायची वेळ आली.

त्या निंदणाला तुळसाबाई भगत होती. तुळसाबाईचं वावर मारोतरावाच्या बांधाला लागून, दीड एकराचं. तिच्या सासऱ्यानं छप्पनच्या दीक्षेला नागपूरला जाऊन आल्यावर घरातले देव नदीत सोडले आणि त्याच वर्षी हे वावर घेतलं, असं ती सांगायची. जीभ अशी की निंदताना तणासोबत माणसंही उपटायची. खुरपं टेकवून ती त्या दोन ओळींकडे पाहत राहिली.

"मारोतभाऊ, येथसा काय पुरलं हो तुमच्या बुढ्यानं?"

"काय पुरणार आहे?" मारोतराव म्हणाला. "येथी कोठा होता आपला."

"ढोराईचा कोठा तं सगळ्याईचा असते. सगळ्याईच्या कोठ्याखाली ज्वारी अशी माजत नाही."

"मंग काय हंडा आहे म्हणतं?"

"मी कायले म्हणू बाप्पा," तुळसाबाई म्हणाली. "तुम्हीच म्हणून राह्यले."

झालं. तिथं आणखी चार बाया निंदत होत्या. दिवस मावळायच्या आत दळण आलं चक्कीवर, आणि दळणासोबत हंडा.

शंकरसिंग राठोड, चक्कीचा मालक, तांड्यावरचा. अंगावर कायम पिठाचा थर, त्यामुळे तो खोटं बोलताना चेहरा बदलला तरी दिसत नसे. त्यानं त्या हंड्याला पहिल्याच दिवशी झाकण बसवलं, दुसऱ्या दिवशी नागोबा बसवला. तिसऱ्या दिवशी एक म्हातारी शपथेवर सांगायला लागली की उकंडाबुढा मरताना वावराकडे हात करत होता. हे मात्र खरं होतं. हात तो करत होता. त्या दिशेला कोनाड्यात त्याचा बिडीचा कट्टा होता.

मारोतराव आधी भडकला. चक्कीवर जाऊन म्हणाला, "कोणाच्या तोंडाला हाड नाही काय?" शंकरसिंगनं आदरानं त्याचं दळण सगळ्यांच्या आधी घेतलं. मारोतराव जरा थांबला. परतताना दुकानदारानं चहा पाजला. गाढव म्हटल्यापासून ज्या एका कापूसवाल्यानं त्याच्याकडे पाठ केली होती तोही म्हणाला, "या जी मारोतराव, बसा." घरी येईपर्यंत मारोतरावाचा राग पुष्कळच निवळला होता. त्या दिवसापासून कोणी विषय काढला की तो नुसता म्हणायचा, "काही नाही जी, काही नाही." पण म्हणताना इकडे-तिकडे पाहायचा.

ही बदमाशी त्यानं नुसत्या चहासाठी केली असं म्हणणं अन्याय होईल. त्याच्या घरात एक खरंखुरं दुखणं होतं. मुलगा अमर एकोणतीस वर्षांचा झाला होता आणि त्याला पोरगी मिळत नव्हती. पोरगा चांगला; बापासारखा बोलत नसे, हीच केवढी मोठी गोष्ट. पण त्या वर्षांत यवतमाळच्या शेतकऱ्याला पोरगी द्यायची म्हणजे लोक असं पाहायचे, जसं कोणी पोरगी जंगलात सोडून यायला सांगतंय. लोहाऱ्याच्या एमआयडीसीत गेटवर उभा राहणारा चालायचा, शाळेत घंटा वाजवणारा चालायचा, दहा एकरांचा शेतकरी नाही चालायचा. त्यात आमच्याकडे पाहुणे आधी पोरगा पाहत नाहीत, वावर पाहतात आणि कडब्याची गंजी पाहतात. मारोतरावाची ज्वारी ही अशी, गंजी कंबरेएवढी. दोन पाहुणे सडकेवरूनच परत गेले होते. एकानं तर एसटीतून उतरायचीही तसदी घेतली नाही. अमरची आई भागीरथा तेव्हापासून पाहुण्यांच्या नावानं पोह्यांचा डबा भरून ठेवायची आणि महिन्यानं तेच पोहे घरच्यांना खायला घालायची.

हंड्याची गोष्ट बाजाराच्या दिवशी घाटंजीला पोचली. आणि पंधरा दिवसांत, ज्यानं पहिल्या खेपेला एसटीतून उतरायची तसदी घेतली नव्हती तोच पाहुणा जीप करून दारात हजर झाला.

घनश्याम ठोंबरे. घाटंजीत कापडाचं दुकान. उभा आडवा माणूस नजरेनं मोजायची सवय. दुकानदारीत त्याचा एक नियम होता: ज्या मालावर आपला डोळा आहे त्याचं नाव तोंडातून काढायचं नाही, नाव काढलं की भाव चढतो. त्यामुळे पोहे खाताना तो बैलांबद्दल बोलला, पावसाबद्दल बोलला, भागीरथाबाईच्या शेवेच्या भाजीबद्दल बोलला, जी अजून झालीच नव्हती. आणि मग सहज म्हणाला, "चला, वावरात पाय मोकळे करून येऊ."

वावरात शंभर पिवळ्या ओळींमधून तो जो चालत गेला तो थेट त्या दोन हिरव्यांपाशी. मारोतराव मागे. अमर त्याच्या मागे, मान खाली. बांधापलीकडे तुळसाबाई, काम सोडून.

"पीक चांगलं आहे," घनश्याम म्हणाला. एवढ्या मोठ्या खोट्यानंतर त्याला जरा खोकला आला. "येथीसा काही होतं का आधी?"

मारोतरावानं इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. "काही नाही जी. टिनाचा कोठा होता कापसाचा. तो पाडला."

आता पाहा. या एका वाक्यात सगळं खरं होतं. मारोतरावाच्या आयुष्यातलं बहुतेक सगळ्यात खरं वाक्य. पण ते म्हणताना त्यानं असा चेहरा केला की कोणत्याही शहाण्या माणसानं ते खोटंच धरावं.

"हो, कोठाच असंन," घनश्याम म्हणाला आणि डोळा बारीक केला. "बुढेबाबा कोठ्यापाशीच बसत असतीन मंग."

"दिवसभर."

"तशी जुनी माणसं. जपून राहात."

"लय जपून."

बांधापलीकडून तुळसाबाई म्हणाली, "पाहुणे, हळू चाला. पायाखाली काय आहे कोणाले माहीत."

घनश्यामनं खरोखरच पाय उचलून बाजूला ठेवला. त्या क्षणी सोयरीक जुळली म्हणायला हरकत नाही.

मग मुलगी पाहायचा कार्यक्रम झाला घाटंजीला. समीक्षा तिचं नाव, बारावी झालेली, शिवणक्लास चालवायची. तिची आई विजयमाला नवऱ्याच्या डोळ्यांकडे पाहून हसायची, आणि त्या दिवशी ती खूप हसली. पोरा-पोरीला मागच्या आंगणात दोन मिनिटं बोलू दिलं. तिथं काय झालं ते मला पुढं समीक्षानंच सांगितलं, तेव्हा तिचा पोरगा माझ्या चष्म्याशी खेळत होता.

अमरनं आधी घसा साफ केला. "एक सांगतो. आमच्या वावरात हंडा-गिंडा काही नाही. मले फसवायचं नाही तुम्हाले."

"मले माहीत आहे," ती म्हणाली.

"कसं काय?"

"हंडा असता तं तुमच्या बाबाचं एखादं पेन तरी चाललं असतं. सकाळी त्याईनं माह्याकडून पत्ता लिहाले पेन मांगतलं."

मग ती म्हणाली, "तुम्ही खरं सांगतलं. याच्या आधी जो पाहाले आलता तो नोकरीवाला होता. चाळीस वर्षांचा, केसाले रंग, आणि वय विचारलं तं पस्तीस म्हणे. बाबाले काही सांगू नका. त्याईले हंडा पाहू द्या, मले तुम्ही चालता."

अशा रीतीनं एकूण हिशेब असा झाला की पोरीला हंडा नको होता, पोराला हंडा सांगायचा नव्हता, आणि लग्न मात्र हंड्याच्याच भरवशावर उभं होतं. हंडा नाही हे घनश्यामला लग्नाआधी कळलं की अमर परत पोहे खायला मोकळा.

दिवाळीनंतर साक्षगंध उरकलं. कुंकू लागलं, साडी झाली, घाटंजीच्या शंभर माणसांनी जेवण केलं. आता मारोतरावानं गप्प बसायला पाहिजे होतं. वैशाखातल्या लग्नापर्यंत "काही नाही जी" म्हणत फिरायचं, एवढंच काम. पण सहा महिने सगळं गाव ज्याची गोष्ट सांगतं, ती ऐकून ऐकून माणसाचं काय होतं? मारोतराव स्वतःच ती गोष्ट खरी मानायला लागला. आपण तर काही पुरलं नाही हे त्याला पक्कं ठाऊक होतं. पण बापानं पुरलं असेल तर? बाप हात करत होता हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. कोनाडा त्यानं पाहिला नव्हता.

ज्वारी निघाली होती. शेतात धसकटं उभी. बाकीची बोटाएवढी, त्या दोन ओळींची अंगठ्याहून जाड. म्हणजे जागा अजून कळत होती. आणि त्याच सुमाराला गावात नव्या कृषी सहायक बाई आल्या, दीपमाला मॅडम, स्कुटीवर. त्यांनी चावडीवर सगळ्यांना समजावलं की आपापल्या वावरातून मातीचा नमुना घ्या. कुदळीनं वीतभर खड्डा करायचा, बाजूची माती खरवडायची, अर्धा किलो पिशवीत.

मारोतरावानं दुसऱ्या दिवशी सकाळी कुदळ, फावडं, घमेलं आणि अमरला घेऊन त्या दोन ओळींपैकी एकीखाली नमुना घ्यायला सुरुवात केली. दहा वाजेपर्यंत नमुना गुडघ्याएवढा खोल गेला. दुपारी कंबरेएवढा. शंकरसिंगनं चक्की बंद केली आणि बांधावर येऊन बसला. मागून अर्धं गाव.

"काय चाललं जी?" कोणीतरी विचारलं.

"नमुना," खड्ड्यातून मारोतरावाचा आवाज आला.

"मॅडम तं वीतभर म्हणे."

"आपलं वावर भारी आहे. वीतभरात नमुना लागत नाही."

तुळसाबाई कडेला उकिडवी बसली होती. "मारोतभाऊ, आणखी दोन हात गेले तं पाणी लागंन. मंग नमुन्याची विहीर होईन, सरकारकडून तिचंही काही भेटते का पाहा."

नेमका त्याच वेळी घनश्याम आला. सहज आला होता म्हणे. घाटंजीहून आमच्या गावाला सहज येणारी एसटी दिवसातून एकच, आणि ती सकाळी निघून गेलेली. हा माणूस स्पेशल जीप करून सहज आला होता. त्याला बातमी कोणी दिली ते शंकरसिंगला विचारा. घनश्याम खड्ड्याच्या काठावर उभा राहिला. नाव तर काढायचं नव्हतं. म्हणून म्हणाला, "माती चांगली आहे."

आणि कुदळ खणकन वाजली.

अमरनं कुदळ थांबवली. बांधावरची सगळी माणसं एकदम उभी राहिली. मारोतराव हातांनी माती उकरायला लागला. घनश्याम इतका वाकला की त्याच्या खिशातला चष्म्याचा डबा खड्ड्यात पडला.

निघाला तो एक आकडा. टिन बल्लीला आवळतात तो लोखंडी आकडा, गंजलेला, त्याला डांबराची काळी चकती चिकटलेली. कोठा पाडताना उपटलेल्या बल्लीच्या खड्ड्यात पडला असेल. त्याखाली एक फुटका चिनी मातीचा कप निघाला, त्यानंतर काळी माती, आणि त्याखाली मुरूम. मुरूम लागला की खाली काही नसतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही कळतं.

अमर समोर पाहत नव्हता. त्याला कळत होतं की आता या काठावर उभा असलेला माणूस एक शब्द बोलला की सगळं संपलं.

आणि घनश्याम बोलायला तोंड उघडून तसाच राहिला.

कारण तो काय बोलणार होता? हंडा कुठंय असं विचारायला आधी हंडा हा शब्द काढावा लागला असता. तो शब्द त्यानं सहा महिन्यांत एकदाही उच्चारला नव्हता. मारोतरावानंही त्याच्यासमोर नाही. वावर पाहताना विचारलं तेव्हा मारोतराव स्पष्ट म्हणाला होता, कोठा होता, आणि हातात हा कोठ्याचाच आकडा. साक्षगंधात शंभर माणसांसमोर "पोरगा पसंत आहे" असं घनश्याम स्वतः म्हणाला होता. आता सोयरीक मोडायची तर घाटंजीच्या बाजारात उभं राहून सांगावं लागलं असतं की मी पोरगी पोराला नाही, मडक्याला देत होतो. त्याच्या दुकानासमोरच शिंप्याचा ओटा होता, आणि त्या ओट्याचं तोंड आमच्या चक्कीपेक्षा मोठं होतं.

घनश्यामनं चष्म्याचा डबा मागितला. अमरनं पुसून दिला. घनश्याम म्हणाला, "नमुना चांगला निघाला." आणि जीपकडे गेला. अमर तिथंच खड्ड्याच्या तळाशी बसला, आणि मी आयुष्यात पहिल्यांदा त्या पोराला हसताना पाहिलं.

दीपमाला मॅडम संध्याकाळी नमुन्याची पिशवी घ्यायला आल्या आणि खड्डा पाहून स्कुटीवरून उतरायचंच विसरल्या. मग आकडा पाहिला. कुठल्या जागी काय होतं, टिन नवे होते का, उतार कुठल्या बाजूंना होता, असं सगळं विचारलं. मागची ज्वारी कशी दिसायची, पानांवर पट्टे होते का, तेही विचारलं. मग कडब्याच्या गंजीतून एक वाळलेलं पान ओढून उजेडाकडे धरलं.

"काका, जस्त आहे हे. झिंक."

"धातू?" मारोतरावाचा चेहरा एकदम उजळला.

"धातूच, पण—"

"ऐका रे," मारोतराव बांधाकडे वळून म्हणाला. "मॅडम म्हणतात आपल्या वावरात धातू आहे."

"काका, बाकीच्या वावरात नाही, म्हणून तर ही ज्वारी अशी. आणि तुम्ही डीएपी किती टाकलं?"

मारोतरावानं अभिमानानं सांगितलं. मॅडमनी कपाळाला हात लावला. पण पुढचं कोणी ऐकायला थांबलं नाही. चक्कीवर बातमी गेली ती एवढीच की ज्वारीला जस्त लागतं. पुढच्या आषाढात बोरगव्हाणात पाहण्यासारखं दृश्य होतं. ज्याच्या घरात जस्ताची जुनी बादली होती त्यानं ती वावरात काठीवर उपडी टांगली. कोणी तळ गेलेली घागर, कोणी नाल्यातला टिनाचा तुकडा. शंकरसिंगनं तर ज्वारी पेरलीच नव्हती, तरी त्यानं कापसात बादली टांगली, कारण घरात पडून होती. मारोतराव सगळ्यांना सांगत फिरायचा की हा शोध आपला. अमरनं मॅडमकडून झिंक सल्फेटची थैली आणून गुपचूप खताबरोबर पेरली. त्या वर्षी त्याची ज्वारी डोक्यावर गेली, सगळीच्या सगळी. ज्यांची गेली नाही त्यांनी बादली जुनी आहे म्हणून दोष दिला.

लग्न वैशाखात झालं होतं, त्या आषाढाच्या आधीच. घनश्यामनं थाटात केलं. कंजूष माणूस फसला की थाट करतो, म्हणजे लोकांना वाटावं की आपण फसलो नाही. मारोतरावाच्या खिशात त्या दिवशी नवं कोरं पेन होतं, चालणारं. समीक्षानं भेट दिलं होतं. तुळसाबाई जेवणावळीत वाढपी पोरांना म्हणाली, "पाहुण्याईच्या पानात चांगलं वाढा रे, त्याईचा हंडा राह्यला." घनश्यामनं ऐकलं नाही असं दाखवलं आणि बुंदी मागितली.

खड्डा मारोतरावानं बुजवला नाही. नमुन्यासाठी आहे म्हणायचा. दोन हिरव्या ओळींपैकी दुसरीखाली कोणी खणलं नाही, म्हणून अजूनही चक्कीवर दोन-चार माणसं निघतात जी म्हणतात, हंडा तिकडं असंन.

तिकडंही नाही. हंडा कुठंच नव्हता. कोठ्याच्या कोऱ्या टिनांवर जस्ताचा मुलामा होता. कोठा उभा होता तितकी वर्षं पावसाचं पाणी दोन्ही उतारांवरून ओघळून दोन सरळ रेघांत खाली पडलं, आणि त्याबरोबर थोडं थोडं जस्त मातीत उतरलं. मारोतरावाच्या बाकीच्या जमिनीत जस्त कमी होतं, डीएपीनं उरलंसुरलंही पिकाला मिळेनासं झालं, आणि जस्त मिळालं नाही की ज्वारी वाढत नाही.